काउबॉय नेमबाजीतील ठासणीचे रिव्हॉल्व्हर

एकोणिसाव्या शतकातील पश्चिम अमेरिकेची शस्त्रे किंवा त्यांच्या प्रतिकृती वापरून, त्या काळाचा पेहराव आणि टोपणनाव घेऊन, पोलादी लक्ष्यांवर वेळ लावून करायची नेमबाजी म्हणजे काउबॉय नेमबाजी. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात ती रुजली. १९८७मध्ये स्थापन झालेली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी तिचे नियम ठरवते. स्पर्धक दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल आणि एक शॉटगन बाळगतो. ‘फ्रंटियर्समन’ गटात मात्र रिव्हॉल्व्हर काडतुसाचे चालत नाहीत, ठासणीचेच लागतात. आणि त्यांची निवड हा या खेळातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे.

या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे फिरत्या नळकांड्याच्या घरांमध्ये, पुढून काळी दारू भरतात, तीवर शिशाची गोळी दट्ट्याने ठासतात आणि मागच्या निपलवर, म्हणजे पोकळ बोंडीवर, आघाताने पेटणारी छोटी धातूची टोपी बसवतात. चाप ओढल्यावर सुटणारा घोडा (हातोडी) टोपीवर आदळला की बार उडतो. सहा घरांपैकी पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, हा सुरक्षेचा नियम. काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के शोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. हे कीट साचल्यावरही जे रिव्हॉल्व्हर फिरत राहते तेच स्पर्धेत कामाचे. दुकानात हातात घेतल्यावर सगळीच सुरेख वाटतात.

प्रतिकृती मुख्यतः उत्तर इटलीतील ब्रेशिया परिसरात बनतात. उबेर्ती आणि पिएत्ता हे तेथील प्रसिद्ध कारखाने. पसंती बहुधा तीन नमुन्यांत होते : कोल्टचे १८५१चे ‘नेव्ही’ (नळीचे माप ०.३६ इंच), कोल्टचेच १८६०चे ‘आर्मी’ (०.४४ इंच) आणि रेमिंग्टनचे ‘न्यू मॉडेल आर्मी’ (०.४४ इंच). शेवटच्याला सर्रास ‘१८५८चे’ म्हणतात, पण ते साल त्यावर कोरलेल्या पेटंटचे आहे; उत्पादन पुढे १८६०च्या दशकात सुरू झाले.

रेमिंग्टनची चौकट वरूनही बंद असल्याने भक्कम असते. सिलिंडर चटकन निघतो, त्यामुळे तो बाहेर काढून स्टँडवर भरता येतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात दहा घरे ठासायची असतात तेव्हा याची किंमत कळते. उणीव अशी, की सिलिंडर जिच्यावर फिरतो ती खीळ बारीक असते आणि कीट चढले की सिलिंडर जड फिरू लागतो. मोठ्या हाताच्या नेमबाजाच्या बोटाचे पेर चापाभोवतीच्या संरक्षक कड्यावर आपटते, तेही वेगळेच. कोल्टची खीळ जाड असून तिच्यावर वंगण धरणाऱ्या खाचा असतात. ती कीट अधिक काळ सोसते. शिवाय नेव्हीची मूठ हातात अशी बसते, की १८७३च्या काडतुसी कोल्टलाही तीच दिली गेली. मात्र वरून उघड्या चौकटीत फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्यापुढे पडतात आणि यंत्रणा अडते. निपलवर घट्ट बसणारी टोपी शोधणे हा त्यावरचा पहिला उपाय. कोल्टची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) जवळच्या लक्ष्यावर गोळी उंच नेते, पण पोलादी लक्ष्ये मोठी आणि जवळ असल्याने ते निभावते.

पितळी चौकटीची स्वस्त प्रतिकृती नवख्याला मोहात पाडते. ती घेऊ नये. जास्त दारूच्या बारांनी पितळ हळूहळू ताणले जाते आणि सिलिंडर व नळी यांमधली फट वाढते. ०.४४ इंची ‘नेव्ही’ही बाजारात मिळते, मूळ कोल्ट नेव्ही ०.३६ इंचीच होते. दोन्ही रिव्हॉल्व्हर एकाच नमुन्याचे घेतले, तर गोळ्या, टोप्या आणि हाताची सवय सारखी राहते.

गोळी घरापेक्षा किंचित मोठीच हवी. ठासताना तिच्या कडेने शिशाचे बारीक कडे सोलून बाहेर आले, तर घर नीट बंद झाले असे समजावे. ते आले नाही, तर गोळी ढिली आहे, आणि एका घराचा जाळ शेजारच्या दारूपर्यंत पोचून अनेक बार एकदम उडण्याचा धोका राहतो.