एकल बाईच्या नावावर गॅस आणि लाईट: फॉर्म भरायच्या आधी रेशनकार्ड बघा

आमच्याकडं नवऱ्याने सोडलेली बाई माहेरी आली की भावाच्या घरामागं पत्र्याची एक खोली मिळते आणि चूल वेगळी होते. म्हणजे खरोखरची चूल, पळाट्या नाहीतर तुराट्या जाळायच्या, पावसाळ्यात ओलं जळण फुंकून फुंकून डोळे लाल. अशाच एका ताईसोबत मी उज्ज्वलाचा, म्हणजे गरीब घरातल्या बाईला फुकट गॅस जोडणी देणाऱ्या केंद्राच्या योजनेचा फॉर्म भरायला गेले, एजन्सीतल्या मुलाने आधार नंबर टाकला आणि म्हणाला तुमच्या घरात कनेक्शन ऑलरेडी आहे. ते होतं सासूच्या नावावर. त्या घरात ताईने सहा वर्षं पाय ठेवला नव्हता, पण रेशनकार्डावर नाव अजून तिथंच.

म्हणून आधी रेशनकार्ड. सासरच्या कार्डातून नाव कमी करायचा आणि स्वतःचं वेगळं कार्ड मिळायचा, असे दोन्ही अर्ज तहसीलच्या पुरवठा विभागात द्या. सोबत आधार (पत्ता आताचा करून घ्या), मुलांचे आधार, राहत असल्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आणि वेगळं राहत असल्याचं दाखवणारं जे असेल ते, पोटगीच्या केसचे कागद, पोलीस तक्रारीची कॉपी, ग्रामपंचायतीचं पत्र. विधवा असाल तर मृत्यूचा दाखला. "नवऱ्याची सही आणा" असं बऱ्याच जणींना तोंडीच सांगून परत पाठवतात आणि बाई तिथंच हरते, तेव्हा अर्ज लेखीच द्या, पोच घ्या, नाही म्हणायचं असेल तर तेही लेखी मागा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कुटुंबातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई हीच कार्डावर कुटुंबप्रमुख असते, हे लक्षात ठेवा, बोलताना कामी येतं.

आता गॅस. उज्ज्वला २०१६ पासून आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने आणखी २५ लाख जोडण्या मंजूर केल्या. अर्जदार १८ पूर्ण झालेली बाई हवी, कुटुंब गरीब हवं आणि घरात कुठल्याच कंपनीचं कनेक्शन नको. कागद फार नाहीत: केवायसी (ओळख आणि पत्त्याचा) फॉर्म, स्वतःचं आणि घरातल्या मोठ्या माणसांचं आधार, रेशनकार्ड, आधार लिंक असलेलं बँक खातं, आणि गरीब कुटुंब असल्याचं घोषणापत्र. डिपॉझिट भरायचं नाही, पहिली टाकी आणि शेगडी फुकट, कुणी पैसे मागितले तर १८००२६६६६९६ वर फोन करा. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेल्यांना रेशनकार्ड आणि पत्त्याच्या जागी स्वयंघोषणापत्र चालतं, हे फार कमी जणींना माहीत असतं. आणि मोठी टाकी एकदम भरायला पैसे जमत नसतील तर ५ किलोची मागा, तो पर्याय योजनेतच आहे. २०२५-२६ साठी मोठ्या टाकीवर ३०० रुपये सबसिडी ठरली होती, ९ टाक्यांपर्यंत, ती थेट खात्यात. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला ३ टाक्यांचे पैसे मिळतात, त्यासाठी कनेक्शन बाईच्याच नावावर लागतं आणि टाकी १४.२ किलोची, त्यामुळं ५ किलोचं ठरवताना याचाही विचार करा.

कनेक्शन वारलेल्या नवऱ्याच्या नावावर असेल तर तसंच वापरत बसू नका. मृत्यूचा दाखला, गॅसचं पुस्तक, स्वतःची केवायसी आणि बाकी वारसांची ना हरकत घेऊन एजन्सीत नाव बदला. दिरा-जावांनी पुस्तक दाबून ठेवलंय अशा केसेस मी पाहिल्यात, म्हणून दुखवट्यातच कुणीतरी घरातल्या माणसाने हा विषय काढावा, वाईट वाटलं तरी.

लाईटचं त्यामानाने सोपं आहे पण कुणी सांगत नाही. घर नावावर नाही म्हणून मीटर मिळणार नाही असं बायका धरूनच चालतात. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये जोडणीसाठी अर्ज कुणी करायचा तर मालक "किंवा" तिथं राहणारा असं लिहिलंय. ओळखपत्र आणि तिथं राहत असल्याचा पुरावा (भाडेकरार, भाऊ देत असेल तर त्याचं संमतीपत्र) जोडून महावितरणकडं अर्ज करा, आधी विचारून घ्या पुरावा कोणता चालेल. भावाच्या मीटरवरून वायर ओढून एक बल्ब लावला की दर महिन्याला बिलावरून बोलणी खावी लागतात आणि भांडण झालं की पहिली तीच वायर निघते. त्या ताईने कार्ड आल्यावर गॅसच्या आधी मीटरचाच अर्ज केला, पोरीची दहावी होती.