विटीवर उभे राहून विटी उडवणे

साताऱ्यात आमच्या इमारतीच्या वाहनतळावर माझी भाची गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी स्केटबोर्डवर ‘ऑली’ शिकते आहे. ऑली म्हणजे हाताचा आधार न घेता बोर्डसकट मारलेली उडी. पाहणाऱ्याला वाटते की फळी बुटांना चिकटवलेली असावी. प्रत्यक्षात बूट आणि फळी यांच्यामध्ये पट्टा नसतो, दोरी नसते, काहीच नसते. मग फळी पायांबरोबर वर येते कशी, असा प्रश्न तिच्या आजोबांनी विचारला, आणि गंमत अशी की त्याचे निम्मे उत्तर त्यांनीच लहानपणी हजार वेळा हातात धरलेल्या खेळात आहे.

विटीच्या निमुळत्या टोकावर दांडू मारला की ते टोक खाली जाते, जमिनीवर आपटते आणि विटी गरगरत उसळते. स्केटबोर्डचे मागचे, वर वळलेले टोक, म्हणजे ‘टेल’, हेच काम करते. सुमारे ८० सेंटिमीटर लांबीच्या या फळीचा मागच्या चाकांच्या आसामागे जेमतेम वीतभर भाग असतो आणि पुढे त्याच्या साधारण तिप्पट. मागचा पाय टेलवर जोरात दाबला की मागची चाके तरफेच्या टेकूसारखी वागतात. टेल जेवढी खाली जाते, त्याच्या जवळजवळ तिप्पट पुढचे टोक वर उठते. त्यानंतर टेल जमिनीवर टक्क आवाज करून आपटते, जमीन तिला उलट धक्का देते आणि मागची चाकेही सुटतात. या टक्क आवाजाला खेळाडू ‘पॉप’ म्हणतात. मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली कडक फळी चांगला पॉप देते. साताऱ्याच्या पावसात भिजून थर फुगले की तोच आवाज बोदा होतो.

मात्र विटीवर कोणी उभे नसते. पॉपच्या क्षणी शरीराचे वजन फळीवरच राहिले, तर ती उसळणार कशी? नवशिक्यांचे बहुतेक सगळे अपयश इथे आहे: ते फळी उचलू पाहतात, स्वतः उडी मारत नाहीत. उडी आधी माणसाची असते. पुढचा पाय हलका होतो, मागचा पाय टेलला शेवटचा झटका देऊन लगेच वर ओढला जातो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत फळी येते.

उरलेले निम्मे उत्तर घर्षणाचे आहे. फळीवर पॉलिश पेपरसारखा खरखरीत ग्रिप टेप लावलेला असतो. फळी तिरकी उभी राहिली की पुढच्या पायाची बाहेरची कड त्या टेपवर घासत पुढच्या टोकाकडे सरकते आणि फळीला आपल्याबरोबर वर-पुढे ओढून नेते. मग तोच पाय पुढचे टोक खाली ढकलतो, फळी आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते, मागचा भाग वर येतो आणि ती हवेत आडवी होते. भाचीचा डावा बूट करंगळीजवळ फाटला आणि उजवा जसाच्या तसा राहिला, याचे बूट शिवणाऱ्या काकांना फार नवल वाटले होते, कारण हेच.

ही युक्ती मुळात सपाट जमिनीवरची नाही. अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये ॲलन गेल्फंड या मुलाने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात वक्र भिंतींवर ती साधली आणि त्याच्या ‘ऑली’ या टोपणनावावरून तिला नाव मिळाले. सपाट जमिनीवर टेल आपटून ती करण्याची रीत रॉडनी मुलन याने १९८०च्या दशकाच्या आरंभी रुजवली.

चालत्या बोर्डवर उडी मारली तर बोर्ड पुढे निघून जाईल, ही भीती निराधार आहे. धावत्या एसटीत वर उडवलेला पेरू पुन्हा हातातच पडतो, कारण पुढे जाण्याचा वेग त्याच्याकडेही असतो. इथे माणूस आणि फळी दोघेही तोच वेग घेऊन उडतात. खरा धोका उतरताना असतो. ३० सेंटिमीटरवरून खाली येताना गुडघे वाकवून शरीर २० सेंटिमीटर अंतरात थांबवले, तर पायांवर वजनाच्या सरासरी अडीचपट बल येते. पाय ताठ ठेवून तेच २ सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर सोळापट. पाय चाकांच्या वरच्या स्क्रूंवर पडावेत, कारण दोन आधारांमध्ये अधांतरी असलेल्या मधल्या भागावर एवढा भार पडला तर फळी तिथेच मोडू शकते. हेल्मेटबद्दल तर वादच नको.

आमच्या वाहनतळावर ही सगळी गणिते सध्या फार लहान आकड्यांची आहेत. परवा चारही चाके एकदम सुटली, असा भाचीचा दावा होता. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या मोबाइलवर आम्ही ते चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत तपासले, तेव्हा चाकांखाली फट दिसणारी २४ चित्रे सापडली. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. निम्मा वेळ वर जाण्याचा, निम्मा खाली येण्याचा. त्यावरून उंची सुमारे सव्वा सेंटिमीटर निघते. ‘विटीच्या जाडीएवढीही नाही,’ आजोबा म्हणाले, आणि ती पुन्हा बोर्ड घेऊन खाली गेली.