इंजिन बांधायच्या आधी: रॉकेलने धुतलेला ब्लॉक खरंच स्वच्छ झालेला असतो का?

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन ज्यांनी उघडं बघितलंय त्यांना माहीत असेल, आतमध्ये फार गुंतागुंत नाही. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरच्या आतला व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), बिडाचा ब्लॉक आणि त्यावर ॲल्युमिनियमचं हेड. मूळ इटलीच्या फियाट ११०० चं हे इंजिन, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनत राहिलं. आता हौसेने या गाड्या परत उभ्या करणारे बरेच जण आहेत, पार्ट शोधायला गावोगाव फिरतात, सिलिंडर बोअर करून घेतात, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा मुख्य दांडा) ग्राइंड करून घेतात, तो ज्यावर फिरतो ती नवीन बेअरिंग टाकतात, आणि एवढं सगळं करून थोड्याच दिवसांत ऑइल प्रेशर पडतं आणि खालून टकटक सुरू होते. शिव्या खातो बेअरिंग बनवणारा. पण खूपदा खरं कारण एकच असतं, इंजिन बांधायच्या आधी आतून नीट धुतलेलंच नसतं.

जुनं इंजिन खोललं की डोळ्यात भरते ती काळी घाण. जळकं ऑइल, काजळी, पाण्याचा अंश, सगळं मिळून झालेला चिखल. तो काढायलाच पाहिजे, पण तो मऊ असतो आणि दिसतो तरी. जास्त भीती त्या घाणीची जी मशीन शॉपमधून नवीन येते. सिलिंडर होन करताना, म्हणजे आतून दगडाने घासताना, त्या दगडाचे, म्हणजे बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइडचे, बारीक कण तुटतात आणि बिडाच्या बारीक चुऱ्यासोबत त्याच ताज्या ओरखड्यांमध्ये बसतात. हे ओरखडे मुद्दाम पाडलेले असतात, तिरपी जाळी, ऑइल धरून ठेवायला. ती ऑइल धरते तशीच कणही धरते, आणि बोअर मात्र वरून चकाचक दिसतो.

आता आकडे बघा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये साधारण दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.०५ मिलिमीटरच्या आसपास फट असते. पण इंजिनवर लोड आला की एका बाजूला ऑइलचा थर दाबला जाऊन काही मायक्रॉनवर येतो, कधीकधी त्याहूनही कमी, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या थरात दहा मायक्रॉनचा कण शिरला तर तो दोन्हीकडे घासणार, त्यातून सुटका नाही. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो, तेव्हा घासणं किती वेळा होतं त्याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि इथे एक गोष्ट उलटी घडते, मला ती फार आवडते. बेअरिंगचा वरचा थर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे एखाददुसरा कण आलाच तर त्यात रुतून बसावा आणि क्रँक वाचावा. थोडे कण असले तर हे काम करतं. पण कण जास्त असले किंवा पूर्ण रुतले नाहीत, तर मऊ बेअरिंग त्यांना घट्ट धरून ठेवतं आणि त्यांची टोकं बाहेर राहतात, मग तेच बेअरिंग क्रँकला कापत सुटतं. कठीण पोलाद झिजतं आणि मऊ धातू टिकतो! सुरतेत हिऱ्याला पॉलिश करताना बिडाच्या चाकावर हिऱ्याचीच पूड बसवतात, तत्त्व तेच.

मग रॉकेलने धुतलं तर काय बिघडलं? आपल्याकडे बहुतेक गॅरेजमध्ये रॉकेल, डिझेल नाहीतर पेट्रोल, ब्रश आणि वरून हवा मारली की झालं. रॉकेल ऑइलला विरघळवतं, त्यात ते पटाईत आहे. पण दगडाचा कण कशातच विरघळत नाही. इतक्या लहान कणाचं स्वतःचं वजन नगण्य असतं, त्याला पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारं रेणूंमधलं आकर्षण त्या वजनाच्या कितीतरी पट असतं, म्हणून रॉकेल ओघळून जातं आणि कण खाली ओरखड्यात तसाच बसून राहतो. त्याला हलवायला दोन गोष्टी लागतात, घासणं आणि साबण. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. हे रेणू कणाभोवती गोळा होतात, कणाला आणि धातूला सारख्याच प्रकारचा विद्युतभार देतात, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात आणि सुटलेला कण परत चिकटत नाही. म्हणून शेवटची धुलाई गरम पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण आणि कडक नायलॉनचा ब्रश यांचीच पाहिजे, माझं यावर ठाम मत आहे, कितीही भारी सॉल्व्हंट आणलं तरी.

कळणार कसं झालं की नाही? जुना पांढरा सुती कपडा घ्या, पातळ ऑइलमध्ये किंचित भिजवा आणि बोअरमध्ये गोल फिरवून पुसा. पहिल्यांदा राखाडी पट्टा येतो, जेमतेम दिसेल असा, पण बोटांनी चोळलं तर कचकच लागते. परत साबण, परत ब्रश, परत कपडा. कपडा जसा आत गेला तसाच पांढरा बाहेर आला की थांबायचं, त्याआधी नाही. धुऊन झालं की लगेच हवा मारून कोरडं करा आणि ऑइल लावा, कारण ताजं कापलेलं बीड काही मिनिटांत तांबूस पडायला लागतं, पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर बोलायलाच नको. पाणी गरम घ्यायचं तेही यासाठीच, ब्लॉक तापलेला असला की पाणी पटकन उडतं.

कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याची टाकी वापरणार असाल तर फक्त बिडाचे आणि पोलादाचे भाग टाका. जुनं ऑइल सडून आम्लधर्मी झालेलं असतं, त्यावर कॉस्टिक छान चालतो, बाकीचं काम उष्णता करते. पण ॲल्युमिनियमला तो अक्षरशः खातो, हायड्रोजन वायू निघतो, आणि हेड किंवा पिस्टन टाकला तर बाहेर काढेपर्यंत त्याचं माप बिघडलेलं असतं. कॅमशाफ्टचे बुशही आधी काढा. आणि कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, गॉगल आणि हातमोजे घालूनच.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ऑइलच्या बोगद्यांकडे. ब्लॉकमध्ये लांब भोकं पाडून त्यांची तोंडं प्लगने बंद केलेली असतात, आणि त्या प्लगच्या मागचा कोपरा म्हणजे बंद गल्ली, ऑइल तिथे वळत नाही आणि हवाही नाही. क्रँकच्या आतल्या भोकांची अवस्था त्याहून वाईट असू शकते, तिथे फिरण्याच्या जोराने जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन वर्षानुवर्षं साचतात. प्लग काढला की आतून डांबरासारखा घट्ट गोळा निघतो, स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागतो. तो तसाच ठेवला तर आजच्या ऑइलमधला डिटर्जंट त्याला हळूहळू सैल करतो आणि तो थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो. म्हणून प्लग काढाच, बंदुकीची नळी साफ करतात तसला लांब ब्रश आरपार फिरवा, आणि बांधताना नवीन प्लग लावा.

हेडमधला आणि पिस्टनवरचा कार्बन कोरडा खरवडू नका. आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल देशभर बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० पासून, म्हणजे जुन्या पद्मिनीत शिशाचे क्षार असायची दाट शक्यता आहे आणि ती धूळ नाकात जायला नको. ओलं करून, मऊ प्लास्टिकच्या पट्टीने काढा, मास्क लावा. आणि ते पाणी गटारात सोडू नका, वापरलेल्या ऑइलसोबत वेगळं साठवून रीसायकलरला द्या.

सँडब्लास्टिंग (हवेच्या जोराने वाळू मारणं) किंवा ग्लास बीड (तसेच काचेचे बारीक मणी मारणं) इंजिनच्या आतल्या भागांवर मी तरी करू देणार नाही, मणी कुठल्या भोकात अडकले ते कोणालाच सांगता येत नाही. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्यांचंही तेच, त्यातून झडणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड होनिंगच्या कणांइतकीच घातक.

बांधायला घेताना कॉटन वेस्ट बाजूला ठेवा, त्याचे धागे ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. एका बैठकीत काम झालं नाही तर ब्लॉकवर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी घाला, हात धुऊनच पुढचा पार्ट उचला. स्टार्ट मारायच्या आधी स्पार्क प्लग काढून इंजिन स्टार्टरवर फिरवा, ऑइलचा दाब आलेला दिसू द्या. आणि पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आतच बदला, काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटात ओतून त्यात चुंबक फिरवून बघा, पोलादाचा किंवा बिडाचा चुरा असेल तर तिथेच चिकटलेला सापडेल.