अकरा महिन्यांच्या कागदामागची गोष्ट

मुंबई-पुण्यात भाड्याने घर घेताना ज्या कागदावर सही होते, त्यावर 'भाडेकरू' हा शब्द सहसा औषधालाही सापडत नाही. राहणारा असतो 'लायसन्सी', म्हणजे परवानगीने राहणारा, भाडं असतं 'लायसन्स फी', आणि एका कलमात हमखास लिहिलेलं असतं की या करारामुळे जागेवर भाडेहक्क निर्माण होत नाही. शब्दांची ही कसरत जुन्या चाळींनी शिकवली.

पहिल्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये भाड्यावर नियंत्रण आलं. तेव्हा ते तात्पुरतं होतं. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदाही तात्पुरताच, पण मुदतवाढी घेत तो अर्धशतक टिकला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच त्याने प्रमाण धरलं. पालिकेचे कर वाढले, सिमेंट महागलं, पावतीवरचा आकडा मात्र जवळपास तिथेच. मालकाने दुरुस्ती सोडली, आणि टेकू लावलेल्या गॅलरीतही भाडेकरू ठाण मांडून राहिला, कारण ती पावती हीच त्याची इस्टेट होती. पावती दुसऱ्याच्या नावावर करायची तर पागडी, म्हणजे भाड्याखेरीज मोजायची एकरकमी रक्कम. कायद्याने गुन्हा, व्यवहारात रिवाज. त्यात मालकाचाही वाटा असे. शेवटी पडायला आलेल्या इमारतींसाठी १९६९ मध्ये सरकारलाच दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला.

कायद्याचं संरक्षण भाडेकरूला होतं, परवानगीने राहणाऱ्याला नव्हतं. मालकांनी ही फट हेरली आणि 'लिव्ह अँड लायसन्स'चे कागद सुरू झाले. सरकारने ती फट बुजवली तीही एका फटक्यात: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो चालू लायसन्सवर राहत होता, तो भाडेकरू मानला गेला. ज्यांनी विश्वासाने किल्ली दिली होती त्यांची जागा गेलीच म्हणायची. 'कुलूप लावून ठेवीन, पण भाड्याने देणार नाही' हे मराठी घरांतलं वाक्य त्या धसक्यातून आलं, असं मला वाटतं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. ३१ मार्च २००० पासून लागू. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येऊ लागलं, पागडीही कायदेशीर झाली. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्यापुढे उभं राहावं लागतं आणि दुप्पट फी भरावी लागते.

अकरा महिन्यांचा आकडा याहून जुना. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी. महाराष्ट्रात ही पळवाट १९९९ च्या भाडे कायद्यातल्या कलम ५५ ने बंद केली. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या.

एजंट तरीही अकराच महिने लिहितो. मुदत संपली की भाडं थोडं वाढवून तोच मसुदा, आणि बैठकीच्या खोलीत नोंदणीसाठी लॅपटॉपला जोडलेल्या यंत्रावर पुन्हा सगळ्यांचे अंगठे.