अवैध सावकारी (ग्रामीण विदर्भ)

परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा. त्याचा हंगाम मुख्यतः जूनचा. जुन्या थकबाकीमुळे बँक पीककर्ज नाकारते, पेरणी तर थांबत नाही, मग कास्तकार सावकार गाठतो. व्याज ‘शेकडा पाच’ असे महिन्याचे सांगतात. वर्षाचे ते 60 टक्के होते.

1946 च्या कायद्याच्या जागी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आला. परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारण कर्जावर 12 टक्केच व्याज घेता येते. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारीला कलम 39 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तारण म्हणून गहाणखत क्वचितच होते. दुय्यम निबंधकाकडे सरळ खरेदीखत नोंदवतात आणि ‘पैसे फेडले की वावर परत’ एवढे तोंडी ठरते. फेरफार होऊन सातबारावर सावकाराचे किंवा त्याच्या नातलगाचे नाव चढते. खरी ताकद आहे ती 2014 च्या अधिनियमाच्या कलम 18 मध्ये. गेल्या 15 वर्षांत कर्जापोटी गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीचा ठरला तर ते खरेदीखत अवैध ठरवून ताबा परत देण्याचा आदेश काढतात. त्याविरुद्ध विभागीय सहनिबंधकांकडे अपील चालते.

अर्ज पुराव्यावर टिकतो. खरेदीखतातली किंमत रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरापेक्षा) बरीच कमी असणे, विक्रीनंतरही वहिती मूळ मालकाचीच असणे, त्याच सावकाराने गावात इतरांकडूनही अशीच खरेदीखते करून घेतलेली असणे, या गोष्टी एकत्र आल्या की चित्र स्पष्ट होते. म्हणून अर्जासोबत खरेदीखताची प्रत, फेरफार आणि पीकपेऱ्याचे जुने उतारे जोडावेत. सहकार खात्याच्या झडतीत कोरे धनादेश, सह्या केलेले कोरे मुद्रांक किंवा हिशेबाच्या चिठ्ठ्या सापडल्या तर बाजू भक्कम होते. नातलगांच्या नावे जमवलेल्या जमिनींवर बेनामी व्यवहार कायद्याचा (2016 ची सुधारणा) मार्गही आहे. तो आयकर खात्याचा.

प्रकरणे बुडतात ती मुख्यतः रोखीमुळे: हप्ते हातोहात दिलेले, पावती नाही. साक्षीदारही त्याच सावकाराचे देणेकरी असल्याने चौकशीत फिरतात. मधल्या काळात जमीन तिसऱ्याला विकली गेली, तर तो ‘मी प्रामाणिक खरेदीदार’ म्हणत उभा राहतो आणि वाद वर्षानुवर्षे लांबतो. त्यामुळे आदेशाची वाट न पाहता अर्जासोबतच पुढील विक्रीला मनाई मागणे शहाणपणाचे.