मोंढ्यातल्या फॉक्सप्रोपासून सुपाबेसपर्यंत : डेटाबेस पोटात घेऊन येणाऱ्या प्लॅटफॉर्मची पार्श्वभूमी

अ‍ॅप बनवायला तयार प्लॅटफॉर्म कुठला, फायरबेस घ्यायचं, सुपाबेस घ्यायचं की सरळ फ्रॅपे? संभाजीनगर, नांदेड, लातूरकडे इंजिनिअरिंग आणि बीसीएच्या शेवटच्या वर्षाला हा वाद दरवर्षी नव्याने रंगतो आणि बहुतेक वेळा 'फुकटात किती मिळतं' या एकाच मुद्द्यावर मिटतो. तिघांचंही सांगणं साधारण सारखंच असतं. डेटाबेस वेगळा आणायला नको, लॉगिन तयार, फाइली ठेवायची सोय तयार, तुम्ही फक्त तुमचं काम बघा. पण हे तिघे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींतून जन्मले आणि ज्या अडचणीतून जो जन्मला तिचा ठसा त्याच्यावर अजून आहे. तो ओळखता आला तर निवड बरीच सोपी होते.

भाषा आणि डेटाबेस एकाच घरात नांदवायची कल्पना वेबपेक्षा कितीतरी जुनी. १९६६ च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात 'मंप्स' नावाची भाषा तयार झाली. त्यात चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावाआधी एक टोपीसारखं चिन्ह लावलं की त्याची किंमत थेट डिस्कवर कायमची साठायची. वेगळा डेटाबेस नाही, जोडणी नाही, काही नाही. अमेरिकेतल्या मोठमोठ्या रुग्णालयांचे कारभार आजही तिच्या वंशजांवर चालतात.

आपल्याकडे ही कल्पना पोचली ती डीबेस आणि फॉक्सप्रोच्या रूपाने. वेन रॅटलिफ हे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करत असताना फुटबॉलच्या पैजांचा हिशोब ठेवायला त्यांनी एक प्रोग्राम लिहायला घेतला. त्यातून पुढे अ‍ॅश्टन-टेट कंपनीचा 'डीबेस टू' झाला. 'डीबेस वन' कधी बाजारात आलाच नव्हता, नुसतं पहिलं म्हटलं तर गिऱ्हाईक बिचकेल म्हणून थेट दोनपासून सुरुवात. त्याच धाटणीचा पण जास्त वेगवान फॉक्सप्रो फॉक्स सॉफ्टवेअरने काढला आणि १९९२ मध्ये ही कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली.

मराठवाड्यात संगणक म्हणजे पतसंस्था, साखर कारखान्याचं ऊसबिल आणि मोंढ्यातली आडत, असा एक काळ होता आणि या तिन्ही ठिकाणी फॉक्सप्रो दिसायचा. आडतीचंच बघा. शेतकरी माल घेऊन आला, लिलाव झाला, काटा झाला की त्याच्या नावाने पट्टी फाडायची. पट्टीवर नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव. त्यातून हमाली, तोलाई वजा, आधी घेतलेली उचल वजा, उरलेली रक्कम हातात. फॉक्सप्रोत यासाठी एक टेबल शेतकऱ्यांचं, एक पट्ट्यांचं, एक उचलीचं. प्रत्येक टेबल म्हणजे डिस्कवरची एक .डीबीएफ फाइल. रकान्याचं नाव दहा अक्षरांत बसवायचं, त्यामुळे नावं तार पाठवल्यासारखी आखूड व्हायची. 'ब्राउझ' म्हटलं की नोंदी समोर, 'लिस्ट फॉर' म्हटलं की हव्या तेवढ्याच. ज्या भाषेत स्क्रीन बनवला त्याच भाषेत डेटाबेसशी बोलणं. मुनीमही थोडं शिकला की स्वतःच चार आकडे काढायचा. माझ्या मते आजच्या कुठल्याही प्लॅटफॉर्मला ही सहजता पूर्णपणे परत आणता आलेली नाही.

दुखणं होतं ते विजेचं. भारनियमनाच्या दिवसांत नोंद लिहिली जात असतानाच लाइट गेली की इंडेक्सची, म्हणजे नोंदी पटकन शोधून देणारी, फाइल बिघडायची. कधी टेबलाच्या शिरोभागात लिहिलेली नोंदींची संख्या आणि प्रत्यक्षातल्या नोंदी जुळायच्या नाहीत. मग 'रीइंडेक्स', ते जमलं नाही तर कालची फ्लॉपी. शिवाय दोनतीन संगणक एकाच फाइलवर काम करू लागले की भांडणं सुरू, कारण फाइलचा मालक असा कोणी नव्हताच. सगळेच तिच्यात हात घालायचे. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं आणि २०१५ मध्ये सपोर्टही थांबवला. पण .डीबीएफची रचना उघड होती. आजही लिब्रेऑफिसमध्ये ती फाइल सरळ उघडते. आतला मजकूर जुन्या मराठी फॉन्टातला असला तर गिचमिड दिसतो, तेवढंच.

मधल्या काळात व्हिज्युअल बेसिक आणि अ‍ॅक्सेसच्या जोडीने कॉलेजांतले प्रोजेक्ट गाजवले. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

मग वेब आलं आणि हे एकत्र कुटुंब मोडलं. कारण साधं होतं. ब्राउझर दूर कुठेतरी, फाइल सर्व्हरवर. शेकडो अनोळखी माणसांना एकाच वेळी फाइलमध्ये हात घालू देणं शक्यच नाही. त्यामुळे डेटाबेसला राखणदार म्हणून वेगळा सर्व्हर हवा, त्याच्याशी बोलायला वेगळी भाषा हवी आणि मधे पानं तयार करणारी तिसरी भाषा हवी. १९९५ मध्ये रास्मुस लेर्डोर्फ यांनी पानं तयार करणारी पीएचपी ही भाषा खुली केली, त्याच वर्षी मायएसक्यूएल या डेटाबेसचीही सुरुवात झाली. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि अपाचे हा वेब सर्व्हर धरून या चौघांना पुढे 'लॅम्प' हे नाव पडलं. स्वस्त होस्टिंग घ्यायचं, होस्टिंग सांभाळायच्या सीपॅनलमध्ये डेटाबेस तयार करायचा, नाव आणि पासवर्ड एका फाइलमध्ये चिकटवायचा, पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून टेबलं बनवायची. २००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस याच वाटेने गावोगावच्या शाळा-कॉलेजांच्या आणि क्लासेसच्या वेबसाइटपर्यंत गेलं.

या वाटेवरचा खड्डा मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. फॉर्ममध्ये 'ज्ञानोबा' लिहून साठवलं आणि परत उघडलं तर प्रश्नचिन्हांची रांग. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत काही सांगितलं नाही तर टेबल 'लॅटिन-१' या पश्चिम युरोपीय अक्षरसंचात बनायचं आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. नुसतं वाचताना बिघडलं असतं तर दुरुस्त झालं असतं, पण प्रश्नचिन्ह एकदा साठलं की मूळ अक्षर गेलंच. २०१८ च्या आठव्या आवृत्तीत हा मूळ पर्याय बदलून 'यूटीएफ-८ एमबी-४' करण्यात आला. तोवर आपल्या भागातल्या कितीतरी ठिकाणी 'डेटाबेसला मराठी चालत नाही, इंग्रजीत भरा' हा नियमच होऊन बसला होता.

मोडलेलं घर पुन्हा सांधायचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. एक दिशा चौकटींची, म्हणजे फ्रेमवर्कची. रूबी ऑन रेल्स २००४ मध्ये आणि जँगो २००५ मध्ये आलं. टेबल कसं हवं ते भाषेतच लिहा, डेटाबेसचं आम्ही बघतो, असा त्यांचा बाणा. मुंबईत जन्मलेलं फ्रॅपे याच घराण्यातलं. रुषभ मेहता यांनी ईआरपीनेक्स्ट हे हिशोबाचं सॉफ्टवेअर बांधलं आणि त्याच्या पोटातून ही चौकट बाहेर आली. त्यात 'डॉकटाइप' नावाची एक गोष्ट असते. पट्टीचा डॉकटाइप बनवला, त्यात रकाने टाकले, की मारियाडीबी या मायएसक्यूएलच्या भावंडात टेबल तयार होतं, भरायचा फॉर्म तयार होतो, यादी तयार होते, कोणी काय बघायचं ते ठरवता येतं आणि बाहेरच्या अ‍ॅपला बोलायला दारही मिळतं. आडतीच्या किंवा जिनिंगच्या धंद्याला ही रचना फार जवळची वाटते. मात्र सर्व्हर तुम्ही सांभाळायचा, नाहीतर सांभाळणाऱ्याला पैसे मोजायचे.

दुसरी दिशा सर्व्हरच दृष्टिआड करण्याची. एप्रिल २००८ मध्ये गुगलने अ‍ॅप इंजिन आणलं तेव्हा त्यासोबत स्वतःचा 'डेटास्टोअर' दिला. तो बिगटेबल या गुगलच्याच साठवणीवर उभा होता, कितीही वाढू शकत होता, पण दोन टेबलं जोडून उत्तर काढणं त्याला येत नव्हतं. आधी एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची नेहमीची भाषा शिकलेल्यांची इथे पहिली ठेच. २०११ मध्ये पार्स आलं. मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्यांना तयार डेटाबेस, लॉगिन, सूचना पाठवायची सोय. २०१३ मध्ये फेसबुकने ते विकत घेतलं आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद करत असल्याचं सांगितलं. वर्षभराची मुदत दिली, कोड खुला केला, डेटा हलवायचं साधनही दिलं. इतक्या सभ्यपणे दुकान मिटणारे कमीच. तरीही ज्यांची अ‍ॅप तिथे होती त्यांचं ते वर्ष स्थलांतरातच गेलं.

फायरबेसचा जन्म गप्पांतून झाला. जेम्स टॅम्प्लिन आणि अँड्र्यू ली यांची एन्व्हॉल्व्ह नावाची कंपनी वेबसाइटवर चॅट बसवून द्यायची. काही लोक त्या चॅटमधून माणसांच्या गप्पांऐवजी खेळातल्या हालचालींचा डेटाच पाठवतायत, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी चॅट बाजूला ठेवून नुसती ती वाहिनीच विकायला काढली. २०१४ मध्ये गुगलने कंपनी घेतली, २०१७ मध्ये फायरस्टोअर हा दुसरा डेटाबेस आणला. एका फोनवर बदललेलं दुसऱ्या फोनवर क्षणात दिसणं आणि नेट नसतानाही अ‍ॅप चालू राहणं, नंतर रेंज आली की आपोआप जुळणं, या दोन गोष्टी फायरबेस आजही अतिशय चांगल्या करतो. बालाघाटाच्या डोंगरातल्या तांड्यावर सर्वेक्षण करणाऱ्या माणसाला दुसरी गोष्ट किती मोलाची आहे हे वेगळं सांगायला नको.

पण पट्टी त्यात घालून बघा. फायरस्टोअरमध्ये पट्टी म्हणजे एक दस्तऐवज, त्यातच शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजावट, सगळं. भरायला झकास. अडचण महिनाअखेरीस येते. सेलू तालुक्यातून या महिन्यात सोयाबीन किती क्विंटल आलं, ज्यांच्याकडे उचल बाकी आहे त्यांतल्या किती जणांनी माल दुसऱ्या आडतीवर घातला, हे प्रश्न टेबलं जोडून सुटणारे. फायरस्टोअरमध्ये नुसत्या नोंदी मोजायची सोय २०२२ मध्ये आली, बेरीज आणि सरासरी २०२३ मध्ये. तोवर सगळे दस्तऐवज वाचून बेरीज अ‍ॅपमध्ये करायची आणि पैसे मोजले जातात ते वाचलेल्या प्रत्येक दस्तऐवजामागे. फुकटातले दिवसाचे ५०,००० वाचन पुष्कळ वाटतात. हंगामात पाच मुनीम दिवसभर यादी उघडझाप करत असले की ते दुपारीच संपू शकतात. शिवाय शेतकऱ्याचा मोबाइल नंबर बदलला तर तो ज्या ज्या पट्टीत उतरवलाय तिथे तिथे बदलायचा.

सुपाबेस २०२० मध्ये आला तो याच तक्रारीवर बोट ठेवून. स्वतःला तो फायरबेसचा खुला पर्याय म्हणवतो, पण आतून गोष्ट निराळी आहे. त्याने नवा डेटाबेस बनवलाच नाही. बर्कलीमध्ये १९८६ पासून मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली वाढलेल्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर लॉगिन, फाइली आणि थेट बदल दाखवण्याची सोय चढवली. कोणी कोणती ओळ बघायची हे टेबलावरच ठरवायचं वैशिष्ट्य पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीत होतंच, त्यावर सुपाबेसची सगळी सुरक्षा उभी आहे. हे नियम न लिहिता टेबल उघडं ठेवणारे नवशिके पुष्कळ. एआयकडून अर्ध्या तासात अ‍ॅप बनवून घेणाऱ्यांत तर फारच. फायरबेसच्या 'टेस्ट मोड'मध्ये अ‍ॅप तसंच सोडून देणाऱ्यांची ही पुढची पिढी म्हणायची.

मराठीसाठी पोस्टग्रेसचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. फायरस्टोअर नावं लावतो ती अक्षरांच्या युनिकोड क्रमांकानुसार, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या आकड्यानुसार. त्यात 'ॲ' हे अक्षर 'ह'च्याही पुढे बसलंय, त्यामुळे 'ॲड.' ने सुरू होणारे सगळे वकील यादीच्या तळाला जातात. 'ळ' आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर येतो, तिथे मात्र बसतो 'ल'च्या शेजारी. पोस्टग्रेसमध्ये २०१७ पासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीच्या मदतीने भाषेनुसार क्रम सांगता येतो, त्यात मराठीही आहे. मतदार यादी, सभासद यादी, लाभार्थी यादी करणाऱ्यांना ही बाब छोटी वाटू नये.

डेटा बसतो कुठे, हेही आता पाहावं लागतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर जास्तच. फायरस्टोअर आणि सुपाबेस दोघांनाही मुंबई निवडता येते, पण फायरस्टोअरचं ठिकाण एकदा ठरलं की बदलत नाही. फायरबेसच्या जुन्या रिअलटाइम डेटाबेसला मुंबई नाहीच, आपल्याला सगळ्यांत जवळचं सिंगापूर.

पार्सची गोष्ट माहीत असलेला माणूस निवड करताना बाहेर पडायचा रस्ता आधी बघतो. सुपाबेसमधून पोस्टग्रेसचा नेहमीचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, निघतो, तो कुठल्याही पोस्टग्रेसमध्ये चढतो. फ्रॅपेच्या बॅकअपमध्ये सरळ एसक्यूएलची फाइल मिळते. फायरस्टोअरची अख्खी निर्यात करायची तर आधी पैशाची योजना सुरू करावी लागते आणि निघालेली फाइल दुसऱ्या फायरस्टोअरमध्ये किंवा गुगलच्याच बिगक्वेरी या विश्लेषणाच्या डेटाबेसमध्ये जाते, एक्सेलात उघडत नाही. २०२२ मध्ये आलेलं याच जातीचं पॉकेटबेस याबाबतीत सगळ्यांत सुटसुटीत. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सर्व्हरशिवाय चालावा म्हणून लिहिलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस त्याच्या पोटात आहे आणि सगळ्या नोंदी एका फोल्डरमध्ये मावतात. एका दुकानाला, एका क्लासला ते पुरून उरतं. दहा शाखांच्या पतसंस्थेला मी ते सुचवणार नाही.

आणि फुकटचाच मुद्दा असेल, तर सुपाबेसची फुकट योजना ५०० एमबीचा डेटाबेस देते, पण आठवडाभर कोणी फिरकलं नाही तर प्रोजेक्ट थांबवून ठेवते. सबमिशननंतर तोंडी परीक्षेपर्यंत मधे पंधरा दिवस जातात. परीक्षक समोर बसण्याआधी तो सुरू आहे ना, एवढं आदल्या रात्री बघून घ्यावं.