मुंबई–लंडन : नकाशावरचं अंतर आणि आकाशातली वाट

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी नऊशेच्या वेगाने आठ तास. तिकिटावर मात्र जाताना साडेनऊ-दहा तास दिसतात आणि येताना साधारण तासभर कमी. उंचावरचे पश्चिमी वारे जाताना आडवे येतात, येताना पाठीशी असतात. पण वाऱ्याने सगळा हिशेब जुळत नाही. कोणत्या देशाच्या आकाशातून जायला मिळतं, हा प्रश्न या मार्गाला अगदी पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने ३० मार्च १९२९ ला लंडन–कराची सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा. प्रवासी विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलला उतरायचे आणि तिथून चक्क रेल्वेने इटलीतल्या जिनोआला जायचे, कारण त्या बाजूने हवाई मार्गाने यायला इटलीची मनाई होती. पुढे समुद्री विमानाने अलेक्झांड्रिया, मग कैरोहून बगदाद, बसरा आणि इराणच्या किनाऱ्याने कराची. इराणशीही बिनसलं, तेव्हा १९३२ मध्ये मार्ग आखाताच्या अरब बाजूला गेला. शारजाला विमानतळ झाला तो त्यामुळे.

मुंबई या साखळीत आली ती टपालाच्या निमित्ताने. लंडनहून कराचीला आलेली पत्रं घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला पस मॉथ या छोट्या विमानातून निघाले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले, ते भरून विमान जुहूच्या मातीच्या पट्टीवर उतरलं. पावसाळ्यात जुहूला चिखल व्हायचा, मग सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. सातासमुद्रापारच्या टपालाची भिस्त अशा जागेवर होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून निघालं. कैरो, जिनिव्हा, लंडन असे टप्पे. बोटीला लागणारे दोन-तीन आठवडे आता दोन दिवसांच्या आत आले. १९६० मध्ये बोईंग ७०७ जेट आलं, आणि पुढे मधले थांबेही गळून पडले.

विमानं एका दमात जाऊ लागली, तरी आकाश मोकळं झालं नाही. नकाशावरची सगळ्यात जवळची वाट सिंध-बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आपलं आकाश बंद ठेवलं होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा मनाई केली. मुंबईच्या विमानांना निदान अरबी समुद्रावरून वळसा घालता येतो. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानांना आधी दक्षिणेकडे वळावं लागतं, त्यामुळे त्यांचा वळसा जास्त मोठा होतो.